कॅमेऱ्यातले शूटिंग घरच्या डीव्हीडी प्लेअरवर का चालत नाही?

कोकणातल्या एका मोठ्या गावात शूटिंगचा धंदा करणारे आमच्या परिचयाचे एक बंधू आहेत. एरवी दुकानात झेरॉक्स आणि मोबाईल रिचार्ज, आणि लग्नसराई आली की निकाह-वलीम्याचे शूटिंग. त्यांनी एक हकीकत स्वतःहून सांगितली. आपली चूक दुसऱ्याच्या उपयोगी पडावी या हेतूने सांगितली, म्हणून आम्ही ती नाव न देता येथे देत आहोत.

निकाह नातीचा होता. आजोबा अंथरुणाला खिळलेले, हॉलवर येऊ शकले नाहीत. शूटिंग कार्डाच्या कॅमेऱ्यावर झाले होते. घाई होती, म्हणून या बंधूंनी कार्डातल्या फाईली कोऱ्या डीव्हीडीवर जशाच्या तशा उतरवल्या आणि तिसऱ्या दिवशी डिस्क पोचती केली. दुकानातल्या कॉम्प्युटरवर ती छान चालत होती. घरी आजोबांच्या पलंगासमोर टीव्ही आणला गेला, घरची मंडळी जमली, डिस्क प्लेअरमध्ये घातली, आणि पडद्यावर दोन शब्द आले: डिस्क एरर. गिऱ्हाइकाने डिस्क परत आणली. त्यांनी दुसरी करून दिली, तीही त्याच रीतीने, म्हणून तीही चालली नाही. शहरातल्या एका जाणकाराकडून खरी डीव्हीडी बनवून आणायला दहा दिवस गेले. तोवर आजोबांचा इंतकाल झाला होता.

"पैसे मी परत केले," ते बंधू आम्हाला म्हणाले, "पण त्या घरासमोरून जाताना अजून मान वर होत नाही."

ही चूक एकट्या त्यांची नाही. गावोगावचे शूटिंगवाले, फोटो स्टुडिओवाले आणि कॉम्प्युटरचे छोटे काम करणारे आपले तरुण तिच्यात नेहमी सापडतात. पुष्कळ घरांत, विशेषतः वडीलधाऱ्यांच्या खोलीत, अजूनही जुना टीव्ही आणि जुना डीव्हीडी प्लेअर आहे. त्यांना पेनड्राइव्ह किंवा मोबाईलवर चित्र पाहणे जमत नाही. डिस्क घालून बटण दाबणे मात्र जमते. तेव्हा हे काम मुळापासून नीट समजून घेतले पाहिजे.

डिस्क एक, भाषा दोन

गैरसमजाचे मूळ असे की डीव्हीडी ही नुसती तबकडी आहे असे आपण धरून चालतो. तबकडीवर काहीही ठेवता येते: हिशेब, फोटो, पत्रे, चित्रपट. कॉम्प्युटरला त्यात अडचण नसते, कारण त्याच्याकडे नाना तऱ्हेच्या फाईली वाचणारी सॉफ्टवेअर असतात. घरचा डीव्हीडी प्लेअर तसा नाही. तो एकाच भाषेत वाढलेल्या माणसासारखा आहे. त्याला जी भाषा येते ती १९९५ साली ठरली, आणि पहिले प्लेअर १९९६ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये विक्रीला आले. त्या भाषेचे नाव डीव्हीडी-व्हिडिओ.

कार्डावर चित्र घेणारे हाय डेफिनिशन कॅमेरे बहुधा एव्हीसीएचडी नावाच्या पद्धतीने चित्र साठवतात. सोनी आणि पॅनासॉनिक या कंपन्यांनी ती २००६ साली आणली. म्हणजे प्लेअरची भाषा ठरल्यावर दहा-अकरा वर्षांनी. या पद्धतीत चित्र एच डॉट २६४ या रीतीने दाबलेले असते आणि कार्डावरच्या फाईलच्या नावापुढे एमटीएस ही अक्षरे असतात. जुन्या प्लेअरच्या आतल्या चिपला एच डॉट २६४ उलगडताच येत नाही. तिथे सेटिंग बदलून किंवा प्लेअर दुरुस्तीला देऊन काही उपयोग होत नाही. चित्रच त्याच्या भाषेत उतरवून द्यावे लागते.

ती भाषा अशी. चित्र एमपेग-२ या रीतीने दाबलेले हवे. आपल्याकडच्या पाल पद्धतीत त्याचा आकार ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचा आणि वेग सेकंदाला २५ चित्रांचा. चित्राचा जास्तीत जास्त भार सेकंदाला ९.८ मेगाबिट, आणि आवाजासह सगळे मिळून १०.०८. आवाज डॉल्बीच्या एसी-३ पद्धतीचा, एमपेगचा, किंवा न दाबलेला पीसीएम. कोणताही असला तरी त्याचे नमुने सेकंदाला ४८ हजार. आणि हे सगळे डिस्कवर 'व्हिडिओ टीएस' नावाच्या फोल्डरमध्ये, ठरलेल्या नावांच्या फाईलींत बसवलेले. व्हीओबी फाईलींत चित्र आणि आवाज असतो, आयएफओ फाईलींत चित्र कुठून सुरू करायचे याची माहिती असते आणि बीयूपी ही त्या माहितीची जादा प्रत असते. प्लेअर आधी आयएफओ वाचतो. ती सापडली नाही की त्याच्या लेखी डिस्क कोरीच.

म्हणून या कामाचे तीन टप्पे होतात: चित्राचे रूपांतर, फोल्डरची बांधणी आणि डिस्क राइट करणे. वरच्या हकीकतीत पहिले दोन टप्पे झालेच नव्हते. पुष्कळजण पहिला करतात, दुसरा विसरतात. एमपेग-२ ची तयार फाईल तशीच डिस्कवर टाकली तर काही प्लेअर ती वाचतात, काही वाचत नाहीत. त्यामुळे गिऱ्हाईक म्हणते चालत नाही, शेजारी म्हणतो माझ्याकडे चालते, आणि दुकानदार मधल्यामध्ये अडकतो.

कार्ड हातात आल्यावर

कार्ड हाती आले की पहिले काम म्हणजे ते पूर्ण उतरवून घेणे. पूर्ण म्हणजे नुसत्या एमटीएस फाईली नव्हेत, तर 'प्रायव्हेट' नावाचा अख्खा फोल्डर. यामागे कारण आहे. हे कॅमेरे लांब शूटिंग एका फाईलीत ठेवत नाहीत. कार्डाच्या जुन्या बांधणीत ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही, म्हणून कॅमेरा शूटिंग चालू असताना आपोआप पुढची फाईल सुरू करतो. काही कॅमेरे २ जीबीवरच तोडतात. कोणता तुकडा कोणाच्या पुढचा, ही नोंद त्या फोल्डरच्या इतर फाईलींत असते. तुकडे सुटे घेऊन एकामागून एक लावले तर सांध्यावर आवाज क्षणभर तुटतो. आणि हा सांधा कुठे येईल ते आपल्या हाती नसते. ईजाब-कुबूल चालू असताना नेमका 'कुबूल' हा शब्द गळाला तर गिऱ्हाइकाला काय सांगणार? कॅमेऱ्याबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरने फाईली उतरवल्या की ते हे तुकडे स्वतः जोडते. ते नसेल तर आधी तुकडे जोडून एकच फाईल करावी आणि मग रूपांतर लावावे.

आणि डिस्क गिऱ्हाइकाच्या घरी चालली असा निरोप येईपर्यंत कार्ड पुसू नये. शनिवारच्या निकाहचे कार्ड रविवारच्या साखरपुड्याला वापरण्याची सवय फार महागात पडते. एक जादा कार्ड स्वस्त पडते.

६०० चा हिशेब

एका डिस्कवर किती मावते, हा धंद्यातला सर्वांत मोठा प्रश्न. साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी असे छापलेले असते. ते कारखान्याचे मोजमाप. कॉम्प्युटर तीच डिस्क ४.३७ जीबी दाखवतो. फसवणूक नाही, मोजण्याची रीत वेगळी. त्याचे मेगाबिट केले तर सुमारे ३७,६०० होतात. एवढ्या पोत्यात किती वेळाचे चित्र भरायचे त्यावर सेकंदाला किती भार द्यायचा ते ठरते.

आम्ही एक सोपा हिशेब वापरतो. ६०० ला एकूण मिनिटांनी भागावे. जो आकडा येईल तो चित्र आणि आवाज मिळून सेकंदाचे मेगाबिट. फोल्डरच्या बांधणीला लागणारी जागा यात धरलेली आहे. शूटिंग १२० मिनिटांचे असेल तर ६०० भागिले १२० म्हणजे ५. त्यातून एसी-३ आवाजाचे सुमारे ०.२ वजा केले की चित्राला ४.८ उरतात. ९० मिनिटांचे असेल तर सुमारे ६.४ मिळतात आणि चित्र सुरेख येते. तासाभराच्या शूटिंगला हिशेबाने १० येतात, पण तेवढे देऊ नयेत. नियमाची हद्द ९.८ असली तरी घरी राइट केलेल्या डिस्कवर जुना प्लेअर एवढ्या वेगाने वाचताना अडखळतो. ८ च्या वर जाऊ नये हे बरे.

खरी पंचाईत तीन तासांच्या गिऱ्हाइकाची. ६०० भागिले १८० म्हणजे ३.३, आवाज वजा जाता ३.१. बसलेला काझी आणि स्थिर उभी मंडळी यात ठीक दिसतील. पण वरातीतली आतषबाजी, पळणारी मुले, हॉलच्या झगमगत्या माळा आल्या की चित्राचे चौकोनी तुकडे पडतात. गिऱ्हाईक म्हणते शूटिंग खराब. वस्तुतः शूटिंग चांगले असते, ते एका डिस्कवर कोंबलेले असते. अशा वेळी निकाह एका डिस्कवर आणि वलीमा दुसरीवर द्यावा. कोऱ्या डिस्कचे चार पैसे वाचवून कामाचे नाव घालवू नये. दुपदरी डिस्क ८.५ जीबीची मिळते, पण फार जुने प्लेअर ती नाकारतात आणि पदर बदलताना काही प्लेअर क्षणभर थांबतात. आमचे मत दोन साध्या डिस्कांच्या बाजूने आहे.

रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये 'टू पास' असा पर्याय असेल तर तोच घ्यावा. त्यात सॉफ्टवेअर पहिल्या फेरीत अख्खे शूटिंग नुसते पाहून घेते आणि दुसऱ्या फेरीत जिथे धावपळ आहे तिथे भार जास्त, जिथे शांतता आहे तिथे कमी असे वाटप करते. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो. रात्री रेंडर लावून घरी जावे.

चित्राला कंप का सुटतो?

आता थोडी किचकट बाब, पण धंद्यात नाव याच बाबीवर कमावले किंवा गमावले जाते. डिस्क चालते, चित्र स्वच्छ आहे, पण नवरदेव चालू लागला की कडा दातेरी दिसतात, कॅमेरा फिरला की चित्र थरथरते. असे का?

एव्हीसीएचडी कॅमेऱ्यावर १०८०आय असे लिहिलेले असेल तर तो प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांत घेतो: आधी एक आड एक ओळी, आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर मधल्या उरलेल्या ओळी. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. जुना टीव्ही चित्र असेच दाखवतो, आणि डीव्हीडीतही असेच चालते. अडचण दोन ठिकाणी येते.

पहिली अडचण क्रमाची. एव्हीसीएचडीत वरचे फील्ड आधी असते. कॅसेटवरच्या मिनी डीव्ही शूटिंगात खालचे आधी असते. डीव्हीडीला दोन्ही चालतात, मात्र जे आहे तेच सांगावे लागते. क्रम उलटा लागला की टीव्ही नंतरचे अर्धे चित्र आधी दाखवतो. चालणारा माणूस दोन पावले पुढे, एक मागे असा दिसतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर हा दोष बहुधा कळतही नाही, म्हणून तो दुकानातून सुटतो आणि गिऱ्हाइकाच्या घरी उघडा पडतो.

दुसरी अडचण आकार लहान करण्याची. १०८० ओळींच्या ५७६ करताना सॉफ्टवेअरने दोन फील्ड एकत्र धरून दाबली तर दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि हालणाऱ्या माणसामागे भुतासारखी सावली येते. योग्य रीत अशी: आधी प्रत्येक फील्डचे पूर्ण चित्र बनवून सेकंदाला ५० चित्रे करावीत, मग ती ७२० बाय ५७६ ला आणावीत आणि शेवटी पुन्हा फील्डांत विणावीत. आपल्याकडे मिक्सिंगला एडिअससारखी सॉफ्टवेअर वापरली जातात. त्यांत प्रोजेक्ट सुरू करतानाच फील्डचा क्रम नीट निवडला की बाकीचे ती सांभाळतात. फुकट सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी मात्र हे लक्षात ठेवावे.

रुंद चित्राचेही सांगून टाकतो. हाय डेफिनिशनचे चित्र १६ बाय ९ मापाचे. डीव्हीडीत ते त्याच ७२० बाय ५७६ च्या चौकटीत आवळून बसवतात आणि 'हे १६ बाय ९ आहे' अशी खूण करतात. ती खूण राहिली तर नवरीचा चेहरा लांबट होतो, आणि कोणत्याही घरात त्याची तक्रार होणारच. खूण असूनही लांबट दिसला तर गिऱ्हाइकाला प्लेअरच्या सेटअपमध्ये टीव्हीचा आकार तपासायला सांगावे. तसेच जुने नळीचे टीव्ही चित्राच्या कडा कापतात. नवरानवरीची नावे, तारीख वगैरे अक्षरे चारही बाजूंनी थोडी आत ठेवावीत.

कॅसेट, छोटी डिस्क आणि मोबाईल

कार्डाचे काम समजले की बाकीचे फार अवघड नाही.

मिनी डीव्ही कॅसेट १९९५ सालची. पुष्कळ घरांत त्या कपाटात पडून आहेत, आणि त्यांत गेलेल्या माणसांचे आवाज आहेत. हे काम आता वाढेल असे आम्हास वाटते, कारण कॅसेट चालवणारे कॅमेरे एकेक करून बंद पडत आहेत, आणि सोनीने २०२५ च्या फेब्रुवारीत मिनी डीव्ही कॅसेट बनवणेही थांबवले. तेव्हा दुकानात चालू स्थितीतला कॅमेरा असेल तर तो जपावा. कॅसेट फायरवायर केबलने उतरवावी. तासाच्या कॅसेटला तासच लागतो आणि सुमारे १३ जीबी जागा लागते. पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने घेतली तर चित्र एक पायरी उतरते. एक खोच ध्यानात ठेवावी: पुष्कळ कॅमेऱ्यांत आवाज १२ बिटवर ठेवलेला असे, आणि त्याचे नमुने सेकंदाला ३२ हजारच असतात. डीव्हीडीला ४८ हजार लागतात. ते नीट बदलले नाहीत तर आवाज पातळ होतो किंवा ओठांशी जुळत नाही.

हार्डडिस्कचे काही जुने कॅमेरे एमओडी नावाच्या फाईली देतात. गिऱ्हाईक घाबरते, पण आत एमपेग-२ च असते. म्हणजे चित्र मुळातच प्लेअरच्या भाषेत आहे. ते पुन्हा दाबून खराब करू नये. फोल्डर तेवढे बांधावे. रुंद चित्राची खूण मात्र त्या फाईलीत बहुधा नसते, ती आपण करावी.

८ सेंटीमीटरच्या छोट्या डिस्कवर शूटिंग करणारे कॅमेरेही येतात. डिस्क प्लेअरमध्ये चालत नसेल तर पहिला प्रश्न हा: कॅमेऱ्यातच 'फायनलाइज' केली होती का? नसेल तर तोच कॅमेरा मागवून करावी. फट असलेल्या, डिस्क आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये ही छोटी डिस्क कधीही सरकवू नये. ती आत अडकते.

मोबाईलचे शूटिंग ही नवी डोकेदुखी आहे. फोन बहुधा सेकंदाला ३० चित्रे घेतो, आणि तीही घड्याळासारखी नेमकी नव्हेत. उजेड कमी झाला की वेग कमी करतो. त्यामुळे लांब शूटिंगात शेवटी शेवटी ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे जातो. आधी वेग एकसारखा करून घ्यावा, मग पुढचे काम. ३० ची २५ करताना सेकंदाला पाच चित्रे गळतात आणि चालणारा माणूस हिसके देतो. यावर युक्ती अशी की सबंध शूटिंग मोबाईलचेच असेल तर डिस्क एनटीएससी पद्धतीने, ७२० बाय ४८० वर बनवावी. तिचा वेग सेकंदाला २९.९७ म्हणजे जवळजवळ ३० च असतो, आणि आपल्याकडे विकलेले बहुतेक प्लेअर दोन्ही पद्धती वाचतात. काही फोनच्या सेटिंगमध्ये २५ चित्रांचा पर्याय असतो. ज्यांना फोननेच काम करायचे आहे त्यांनी तो लावावा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने हॉलचे दिवे लुकलुकणेही त्याने कमी होते.

परदेशी पाठवायची डिस्क

आपल्या समाजात हा प्रश्न घरोघरचा आहे. एक भाऊ कुवेतला, एक दुबईला, कोणाची फुफी केपटाऊनला, कोणाचा मुलगा शिकागोला. दुबई, कुवेत, ओमान, दक्षिण आफ्रिका आणि इंग्लंड येथे पालच चालत आले आहे. तिकडे आपली डिस्क बिनधास्त पाठवावी. अमेरिका आणि कॅनडाचे मात्र एनटीएससी, आणि तिथले पुष्कळ प्लेअर पालची डिस्क दाखवत नाहीत. म्हणून ऑर्डर घेतानाच विचारावे की डिस्क कुठे जाणार आहे. शिकागोची प्रत वेगळी बनवावी लागते आणि तिचा दरही वेगळा धरावा. रीजन कोडची भीती बाळगू नये. ते कुलूप चित्रपट कंपन्या आपल्या डिस्कांना लावतात. आपण बनवलेली डिस्क कुठल्याही रीजनमध्ये चालावी अशीच बनवता येते.

सॉफ्टवेअर आणि डिस्क

विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये डीव्हीडी मेकर नावाचे साधन आत होते; विंडोज ८ पासून ते काढून टाकले. म्हणून नव्या कॉम्प्युटरवर आपले तरुण गोंधळतात. हँडब्रेक हे सॉफ्टवेअर प्रसिद्ध आहे, परंतु ते डीव्हीडी बनवत नाही. ते एमपी४ आणि एमकेव्ही फाईली बनवते, म्हणजे आपल्याला हवे त्याच्या उलट दिशेला नेते. चोरीच्या सॉफ्टवेअरची येथे गरजच नाही. रूपांतराला एफएफएमपेग फुकट आहे. त्यात पाल-डीव्हीडी हे तयार माप आहे. ते निवडले की आकार, वेग, आवाजाचे नमुने सगळे आपोआप ठरते. पण ते चित्राला सेकंदाला ६ मेगाबिट धरून चालते. दोन तासांचे शूटिंग त्या हिशेबात एका डिस्कवर मावत नाही, तिथे आपला ६०० चा आकडा हाताने द्यावा लागतो. फोल्डर बांधायला आणि मेनू करायला डीव्हीडीस्टाइलर, तेही फुकट. आधी रूपांतर केलेले असेल तर त्यात चित्राला 'कॉपी' हा पर्याय द्यावा. नाहीतर ते चित्र पुन्हा एकदा दाबते.

मेनू साधा ठेवावा. उडती फुले आणि गाणी कॉम्प्युटरवर झकास दिसतात, पण सत्तर वर्षांच्या आजीला रिमोटवरचे कोणते बटण दाबावे ते कळत नाही. डिस्क आत गेली की आपोआप सुरू व्हावी, आणि दर पाच-दहा मिनिटांवर पुढे उडी मारता यावी, एवढे पुरे.

कोरी डिस्क चांगल्या कंपनीची, शक्यतो डीव्हीडी वजा आर घ्यावी. फार जुने प्लेअर तिलाच जास्त सरावलेले असतात. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू दुकानात चाचणीला ठीक, गिऱ्हाइकाला देऊ नये. तिच्यावरून प्रकाश कमी परततो आणि जुनी लेन्स ती वाचू शकत नाही. राइट करण्याचा वेग मध्यम, ४ किंवा ८ पट ठेवावा. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि चुका बहुधा बाहेरच्या कडेला येतात. म्हणून ती काठोकाठ भरू नये, आणि तपासताना शेवटची दहा मिनिटे अवश्य पाहावीत. दुकानदार सुरुवातीची दोन मिनिटे पाहून डिस्क पाकिटात घालतो, आणि बिदाईच्या वेळी चित्र अडकते. कागदी स्टिकर चिकटवू नये. त्याने डिस्कचा तोल जातो आणि पुढे कागद आकसून ती वाकते. नाव डिस्कसाठी मिळणाऱ्या मऊ टोकाच्या पेनाने लिहावे.

चाचणीसाठी दुकानात भंगारातून आणलेला एक जुना प्लेअर आणि एक नळीचा टीव्ही ठेवावा. त्यावर जी डिस्क शेवटपर्यंत चालते ती बहुतेक घरी चालते.

गिऱ्हाइकाशी आधी बोलावे

काही गोष्टी पैसे घेण्यापूर्वीच सांगाव्यात. हाय डेफिनिशनच्या चित्रात वीस लाखांहून अधिक ठिपके असतात, डीव्हीडीत चार लाख पंधरा हजारांच्या आसपास. म्हणजे डिस्कवर मूळ चित्राचा पाचवा हिस्सा उरतो. नव्या मोठ्या टीव्हीवर ती फिकी दिसणारच. म्हणून डिस्कबरोबर मूळ फाईली पेनड्राइव्हवर किंवा हार्डडिस्कवर द्याव्यात आणि त्यांचा वेगळा आकार घ्यावा. उद्या डीव्हीडी प्लेअर एकही उरला नाही तरी त्या घराची आठवण राहील. ज्यांच्या प्लेअरला यूएसबी आहे ते विचारतात की पेनड्राइव्हवर चालेल का. प्लेअरवर डिव्हएक्स असे लिहिले असेल तर त्या जातीची एव्हीआय फाईल चालते. एमटीएस तिथेही चालत नाही.

दर ठरवताना तासांचा हिशेब करावा. उतरवणे, मिक्सिंग, दुहेरी फेरीचे रेंडर, राइट करणे आणि तपासणी धरली तर दोन तासांच्या डिस्कला दुकानाचा दिवस सहज जातो. फक्त कोऱ्या डिस्कच्या किमतीवर चार पैसे चढवून काम घेणारा तपासणी टाळतो, आणि मग परत आलेल्या डिस्का फुकट करून देत बसतो.

आणखी एक बाब, जिच्याबद्दल बोलायला लोक संकोचतात. निकाहच्या शूटिंगात बायकांच्या दालनातले चित्रण असते. मेहंदीच्या रात्रीचे असते. ते आपल्या कॉम्प्युटरवर येते तेव्हा ती दुसऱ्याच्या घरची अमानत असते. नमुना म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवणे, दुकानाच्या टीव्हीवर चालू ठेवणे, मोबाईलवर तुकडा पाठवणे, यातले काहीही त्या घराला विचारल्याशिवाय करू नये. काम संपल्यावर फाईली किती दिवस ठेवणार ते पावतीवर लिहावे, आणि त्या मुदतीनंतर पुसून टाकाव्यात. दुरुस्तीला कॉम्प्युटर बाहेर द्यायचा झाला तर हार्डडिस्क काढून द्यावी. एका दुकानात आम्ही असे पाहिले की बायकांच्या चित्रणाचे काम मालकाची बहीण घरी बसून करते. मिक्सिंगपासून डिस्कवर नाव लिहिण्यापर्यंत सगळे. त्या भागातली कामे तिच्याकडे आपोआप येतात, जाहिरात न करता.

ज्या बंधूंच्या हकीकतीने सुरुवात केली त्यांच्या दुकानात आता एक जुना प्लेअर काउंटरवरच असतो. डिस्क न्यायला आलेल्या माणसासमोर ते ती चालवतात, मधे आणि शेवटी उडी मारून दाखवतात, मगच पावती फाडतात. घरचा प्लेअर फारच जुना असेल तर तोच घेऊन या असे सांगतात. परवा एक गृहस्थ खरेच रिक्षात घालून घेऊन आले होते.